गाणे सांगावे, नावासकट

‘संगीत ही साऱ्या जगाची भाषा आहे’ हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात लिहीत आलो आहोत. वाक्य चांगले आहे आणि त्याला गुणही मिळतात. परंतु संध्याकाळच्या वेळी आपल्या वसतिगृहाच्या व्हरांड्यातून एक फेरी मारली, तर वीस खोल्यांतून तीच चार-पाच गाणी ऐकू येतात. गेल्या महिन्यात दुसरी चार होती. पुढच्या महिन्यात आणखी तिसरी असतील. साऱ्या जगाच्या भाषेतले इतके थोडे शब्द आपल्या वाट्याला का यावेत? बाकीचे शब्द कोण बोलते, कुठे बोलते आणि ते आपल्या कानांपर्यंत का पोचत नाहीत? या प्रश्नांचा विचार मी गेले वर्षभर माझ्या परीने करीत आहे. तो वार्षिकाच्या वाचकांपुढे मांडावा असे वाटते.

वर्तमानपत्रांत अलीकडे ‘स्वतंत्र संगीत’ हा शब्द वारंवार येतो. तो वाचला की डोळ्यांपुढे मोठ्या शहरातला, हाती गिटार घेतलेला तरुण उभा राहतो. तोही स्वतंत्र कलावंत आहेच. परंतु ज्याच्या पाठीशी चित्रपट नाही, मोठी कंपनी नाही, जो स्वतः रचतो, स्वतः गातो आणि स्वतःच्याच पायांनी श्रोत्यांपर्यंत जातो, तो स्वतंत्र कलावंत, अशी व्याख्या केली तर महाराष्ट्रातील ही परंपरा या नव्या शब्दाहून कितीतरी जुनी ठरते. आपले शाहीर, आपले गायन-पार्टीवाले, एकतारीवर गाणाऱ्या आपल्या बाया हे सारे त्या व्याख्येत येतात. मी बोलणार आहे ते मुख्यतः त्यांच्याविषयी.

वामनदादा कर्डक यांचेच उदाहरण घ्या. सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १९२२ साली त्यांचा जन्म झाला. लहानपणी शाळा त्यांच्या नशिबी नव्हती. मुंबईत मिळेल ते काम करीत असताना, मोठेपणी, ते अक्षरे शिकले. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले आणि २००४ साली निधन होईपर्यंत ते रचीत व गात राहिले. त्यांच्या गीतांची संख्या हजारांत मोजावी लागते. ‘वाटचाल’ हा त्यांचा गीतसंग्रह छापून निघाला तो १९७३ साली, म्हणजे पहिल्या गीतानंतर तीस वर्षांनी. मग ही तीस वर्षे ती गाणी कशाच्या आधारावर जगली? ज्याने ऐकले त्याने दुसऱ्याला सांगितले, दुसऱ्याने तिसऱ्या गावाहून बोलावणे धाडले, त्या गावातल्या पोरांनी ती पाठ केली. एवढाच आधार. आज ज्याला आपण प्रसिद्धी म्हणतो ती यंत्रणा तेव्हा माणसांच्या तोंडी होती.

आता याची दुसरी बाजू. वामनदादांची गाणी आज गावोगाव वाजतात. १४ एप्रिलला तर ती न वाजणारे गाव सापडणे कठीण. परंतु मिरवणुकीत नाचणाऱ्या दहा मुलांना ‘हे गाणे कोणाचे?’ असे विचारून पाहा. मी विचारले आहे. दोघांनी गायकाचे नाव सांगितले, एकाने ध्वनिक्षेपकवाल्याचे, आणि बाकीचे हसले. रचणाऱ्याचे नाव एकालाही सांगता आले नाही. गाणे पोचले आणि माणूस वाटेतच राहिला.

नाव हरवते, हे आपल्या जुन्या कवींना पक्के ठाऊक असावे. म्हणून तर त्यांनी ते गाण्यातच गुंफून ठेवले. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांच्या अखेरीस त्यांची नाममुद्रा येते. शाहिरांनी हीच रीत पोवाड्यात आणि लावणीत चालविली, आणि वामनदादांच्या गीतांतही शेवटच्या कडव्यात ‘वामन’ भेटतो. ज्याचे गाणे लिहून ठेवायला कोणी बसलेले नाही त्याने स्वतःच्या हक्काची केलेली ही नोंद होय. परंतु आज मिरवणुकीत गाण्याचे धृपद तेवढे फिरफिरून वाजते आणि मोबाइलवर गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरतो. शेवटचे कडवे कधी येतच नाही. कोणी मुद्दाम नाव पुसले नाही; कापताना ज्या टोकाला कात्री लागली तेथे नाव होते, इतकेच.

कोणी म्हणेल, हे गरिबांच्या गाण्याचेच दुर्दैव आहे. तसेही नाही. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पावलांचे प्रल्हाद शिंदे यांनी गायिलेले ते गीत महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? आषाढीत ते घरोघर वाजते. त्याचे कवी दत्ता पाटील आणि संगीतकार मधुकर पाठक ही नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील? ते तर ध्वनिमुद्रित झालेले, नावासह नोंदलेले गीत. तेथे ही स्थिती, तर ज्यांचे गाणे कधी नोंदलेच गेले नाही त्यांचे काय?

नवे गाणे श्रोत्यापर्यंत नेणारी साधने काळाप्रमाणे बदलत गेली. रेडिओच्या जमान्यात फर्माईश होती. श्रोते पोस्टकार्डे लिहीत आणि निवेदक त्यांची नावे वाचून दाखवीत. झुमरी तलैया या आजच्या झारखंडातील लहानशा गावाचे नाव साऱ्या देशाला ठाऊक झाले ते तेथून येणाऱ्या फर्माइशींच्या गठ्ठ्यांमुळे. हे वाचताना मौज वाटते, परंतु त्यात एक मर्म आहे. फर्माईश करता येते ती ऐकलेल्या गाण्याचीच. जे कानावर पडलेच नाही ते मागणार कसे?

पुढे, १९८० नंतरच्या दशकात कॅसेट आली आणि मोठ्या ग्रामोफोन कंपनीची सद्दी मोडली. ध्वनिमुद्रण स्वस्त झाले, लहान लहान कंपन्या निघाल्या आणि भीमगीते, भारुडे, लोकगीते यांच्या कॅसेटी बसस्थानकाबाहेरच्या टपऱ्यांवर विकल्या जाऊ लागल्या. माझे वडील टेम्पो चालवितात. त्यांच्या गाडीतील कॅसेटींची पेटी अजून घरी माळ्यावर आहे. तिच्यातील कित्येक कॅसेटींवरचे कागद निघून गेले आहेत. गाणे आहे, आवाज आहे. कोणाचा ते आता सांगता येत नाही.

आणि आज मोबाइल आहे. खेड्यातला मुलगाही आपले गाणे ध्वनिमुद्रित करून एका क्षणात जगापुढे ठेवू शकतो. ही गोष्ट लहान नाही. मी तिचे स्वागतच करते. परंतु ठेवणे वेगळे आणि पोचणे वेगळे. ‘हे ऐका’ म्हणून मोबाइल आपल्याला जी गाणी सुचवितो ती कशावरून? आपण आधी काय ऐकले आणि आपल्यासारख्या इतरांनी काय ऐकले, यावरूनच बहुतेक. म्हणजे पुन्हा फर्माइशीचाच न्याय! ज्याला चार लाख माणसांनी ऐकले ते पाचव्या लाखाला सुचविले जाते. ज्याला चाळीस जणांनी ऐकले ते एकेचाळिसाव्यापर्यंत जाताना दमते. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही. ते मोजते, कारण मोजणे हेच त्याचे काम आहे. न मोजलेल्याची चौकशी करणे हे माणसाचे काम आहे.

ते काम करणारी माणसे आपल्याकडे होऊन गेली आहेत. मूळचे फ्रान्सचे असलेले गी पॉटवँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कष्टातून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. ‘पारी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहामार्फत त्या आता कोणालाही वाचता-ऐकता येतात. मला या कामात सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही की, ओवीबरोबर ओवी गाणारीचे नाव आणि गाव दिले आहे. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज त्यात आहे. तो मी प्रथम ऐकला तेव्हा अभ्यासाचे पुस्तक मिटून ठेवले. सीतेच्या वनवासाची व्यथा त्या अशी गातात की ती सीतेची आहे की गाणारीची, हे सांगता येऊ नये. आपण ‘लोकगीत’ म्हणून मोकळे होतो. परंतु लोकगीत लोक गात नाहीत. कोणी एक गंगूबाई गाते, कोणी एक राधाबाई गाते. ‘लोक’ हा शब्द कित्येकदा नाव विचारण्याचा आळस झाकण्यासाठी वापरला जातो.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. अपरिचित कलावंताची शिफारस करणे हे रसिकाचे कर्तव्य आहे, असे माझे मत आहे. परंतु ‘शिफारस’ हा शब्द आपल्याकडे बदनाम झाला आहे. शिफारस म्हटले की साहेबांची चिठ्ठी, आमदारांचा फोन, कोणाचा तरी वशिला असेच मनात येते. आमच्यासारख्या घरांतील मुलांना तर या शब्दाची धास्तीच वाटते, कारण ती चिठ्ठी नेहमी दुसऱ्याच्या खिशात असते. तरीसुद्धा मला वाटते की वशिला आणि शिफारस या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. दहावीनंतर माझे लग्न करावे असे घरात चालले होते. आमच्या शाळेतील एक बाई घरी आल्या, वडिलांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, “हिला पुढे शिकवा, ही शिकेल.” त्यांचा त्यात काही लाभ नव्हता. त्यांनी मला वर्गात पाहिले होते आणि जे पाहिले ते ज्याला सांगायला हवे त्याला जाऊन सांगितले. वशिला गुण नसताना चालतो. शिफारस गुण पाहिल्यावाचून करता येत नाही. ज्याची कोणी ओळख करून देत नाही अशा गायकासाठी त्या बाईंसारखे कोणी उठून गेले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

यावर काही आक्षेप मला माझ्या मित्रमैत्रिणींकडून ऐकावे लागले. त्यांचा विचार केला पाहिजे.

पहिला आक्षेप असा की, गाणे चांगले असेल तर ते आपोआप पुढे येतेच. मला हे पटत नाही. आपोआप पुढे आलेले तेवढेच आपल्याला दिसते. मागे राहिलेले दिसत नाही, म्हणून ते नव्हतेच असे वाटते. गेल्या वर्षी एका स्नेहसंमेलनासाठी एका मुलीने एकतारीवरचे गीत म्हणण्याकरिता नाव दिले होते. निवडीच्या वेळी तिला विचारले गेले, “हे गाणे कोणाला माहीत आहे का?” कोणाला माहीत नव्हते, म्हणून ते वगळले. कोणाला माहीत नाही म्हणून गायचे नाही, आणि कोणी गात नाही म्हणून माहीत व्हायचे नाही! या रहाटगाडग्यातून गाणे आपोआप बाहेर कसे येणार?

दुसरा आक्षेप, अशा कलावंतांची शिफारस म्हणजे दयाच नव्हे काय? हा आक्षेप अधिक गंभीर आहे. ‘बिचारी गरीब आहे, तिचे गाणे ऐका’ असे म्हणणे हा गाण्याचा अपमान आहे. सर्वच अपरिचित कलावंत थोर असतात असेही मुळीच नाही. मी अशी पुष्कळ गाणी ऐकते. त्यांतील बरीचशी चित्रपटगीतांच्या चालीवर घाईने बसविलेली असतात आणि दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत. ती मी कोणाला सांगत नाही. सांगण्यापूर्वी गाणे तीन वेळा ऐकावे, असा नियम मी स्वतःपुरता केला आहे. पहिल्या वेळी नवलाईने आवडते, दुसऱ्या वेळी शब्द कळतात, आणि तिसऱ्या वेळीही आवडले तर ते सांगण्याजोगे असते.

तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही, परंतु तो हवेत असतो. ही ‘त्यांची’ गाणी आहेत, जयंतीची आहेत, चळवळीची आहेत. महाविद्यालयात त्यांचे काय काम? येथे मला आदरपूर्वक एवढेच विचारावेसे वाटते की, तुकोबांचा अभंग फक्त देहूकरांचा आहे काय? २०१५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला ‘कोर्ट’ हा चैतन्य ताम्हाणे यांचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातील शाहिराच्या भूमिकेतील वीरा साथीदार आपल्याला आठवतात. त्या शाहिराच्या गाण्यांमागे संभाजी भगत हे खरेखुरे शाहीर आहेत, ही गोष्ट मात्र चित्रपटाची चर्चा करणाऱ्यांच्या बोलण्यात क्वचितच येते. पडद्यावरचा शाहीर सर्वांचा, आणि रस्त्यावरचा तेवढा ‘त्यांचा’, हे तर्कात बसत नाही.

मग असे कलावंत शोधायचे कोठे? माझा अनुभव असा की, एका नावाचा धागा धरला की दुसरे नाव हाती येते. गाणे आवडले की गायकापाशी थांबू नये. कवी कोण, ढोलकी कोणाची, हे पाहावे. ढोलकीवाल्याचे नाव शोधले तर तो आणखी कोणाबरोबर वाजवितो ते कळते आणि तेथे एखादा नवाच गायक भेटतो. जत्रा, सप्ताह, जयंती, शाहिरी जलसा येथे जाऊन बसावे आणि कार्यक्रम संपल्यावर मंचामागे जाऊन नाव विचारावे. नाव विचारल्याचा राग आलेला कलावंत मला अजून भेटलेला नाही. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. त्यांना जे ठाऊक असते ते कोणत्याही यंत्रात नसते.

सांगण्याचीही एक रीत असावी. एकाच वेळी वीस गाणी पाठवू नयेत. ती कोणी ऐकत नाही. ज्याला सांगायचे त्याचा स्वभाव ओळखून एकच गाणे सांगावे, आणि त्यात काय ऐकायचे तेही सांगावे. या रीतीला धरून मी येथे दोनच शिफारशी करते. गंगूबाईंची वर केलीच आहे.

ज्यांना वाद्यांच्या गलबल्याचा कंटाळा आला असेल त्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांना ऐकावे. गावोगाव हिंडून एकतारीवर आंबेडकरी गीते गाणाऱ्या या बाईंचा आवाज लोकांनी मोबाइलवरून एकमेकांना ऐकविला आणि त्यांचे नाव झाले. म्हणजे कंपनीवाचून, जाहिरातीवाचून, केवळ सांगण्यातून कलावंत पुढे येऊ शकतो याचे त्या जिवंत उदाहरण आहेत. त्यांच्या गाण्यात ओळ संपते तेथे आवाज किंचित वर चढून थांबतो. तेथे कान द्यावा.

ज्यांना नव्या पद्धतीचे, रॅपचे वेड आहे त्यांनी मुंबईच्या ‘स्वदेशी’ या मंडळींचे ‘द वारली रिव्होल्ट’ हे २०१९ सालचे गाणे ऐकावे. आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न त्यात मांडला आहे, आणि आरे परिसरातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. रॅप म्हणजे परक्यांची नक्कल असे ज्या गुरुजनांना वाटते त्यांनीही ते एकदा ऐकावे. त्यात शाहिरीचे नाते त्यांना सहज ओळखू येईल.

आता एक हिशेब सांगते. स्पॉटिफाय या संगीत-सेवेने २०२४ सालापासून असा नियम केला आहे की, मागील बारा महिन्यांत एखादे गाणे निदान एक हजार वेळा ऐकले गेले नसेल तर त्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळत नाही. मिळणारी रक्कम तशी क्षुल्लकच असते. हजार वेळा ऐकल्याने कोणाची चूल पेटत नाही. परंतु हजाराच्या अलीकडे कलावंताचा हिशेबच मांडला जात नाही आणि पलीकडे मांडला जातो, हा भेद क्षुल्लक नाही. आपल्यासारख्या महाविद्यालयातील पाचशे विद्यार्थ्यांनी ठरविले आणि एखादे खरोखर चांगले गाणे वर्षातून दोनदा ऐकले, तर एका अपरिचित कलावंताला ती रेघ ओलांडता येते. वर्षातून दोनदा! एवढी ताकद आपल्या हाती आहे हे आपल्याला ठाऊक तरी आहे काय?

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. पहिली स्नेहसंमेलनाच्या समितीस. दर वर्षी कार्यक्रमात एक गीत असे ठेवावे, जे सभागृहात कोणालाही ठाऊक नाही. आणि निवेदकाने ते सुरू होण्यापूर्वी कवी, गायक व वादक यांची नावे स्पष्टपणे सांगावीत. गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणावे. दुसरी सूचना ग्रंथालयास. वाचनकक्षाच्या टेबलावर एक साधी वही ठेवावी. तिच्यात ज्याला जे गाणे भावले त्याने ते लिहावे. रचणाऱ्याचे नाव, गाणाऱ्याचे नाव, गाव, आणि का ऐकावे हे दोन ओळींत, व खाली आपली सही. सही हवीच, कारण शिफारस करणाऱ्याने आपल्या शब्दाची जबाबदारी घेतली पाहिजे. वर्षअखेर त्या वहीतील निवडक पाने या वार्षिकात छापता येतील. मराठी विभागातील गुरुजनांनी मनावर घेतले तर एखाद्या गायल्या जाणाऱ्या कवीवर वर्गात एक तास बोलणेही अशक्य नाही. खर्च एका वहीचा आहे.

ती वही ठेवली गेली, तर पहिल्या पानावर काय लिहायचे ते मी ठरविले आहे. माझी आजी दळताना ओव्या म्हणे. गावात पिठाची गिरणी आली आणि जाते परसात गेले, तरी ओव्या तिच्या ओठी आहेत. त्यांतील काही तिच्या स्वतःच्या आहेत, हे तिने मला या दिवाळीच्या सुटीत, मी विचारले तेव्हा, सांगितले. त्यापूर्वी तिला कोणी विचारलेच नव्हते. त्यांतली एक ओवी मी वहीत उतरवीन आणि खाली तिचे पूर्ण नाव व गाव लिहीन. दुसरे पान मी कोरे सोडणार आहे. ते, वाचकहो, तुमच्या घरच्या, तुमच्या गावच्या कोणासाठी तरी आहे. त्याचे नाव आधी विचारून या.

(द्वितीय वर्ष, बी. ए.)